तुझ्या नावाने दिलेलं उत्तर

माणिकपूर, वसई
३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

प्रिय टिफनी,

तुला आणि रोवेनाला अनेक आशीर्वाद. मी बरा आहे. गुडघा सोडला तर तक्रार नाही, आणि गुडघ्याची तक्रार काल सिमेटरीत दर दोन पावलांनी तू ऐकलीच आहेस. वाडीतली केळी या वेळी चांगली धरली आहेत. रोवेनासाठी वेलचीचा एक घड बाजूला ठेवलाय.

फुलपाड्याहून माणिकपूर ते किती लांब, त्यासाठी सासऱ्याने पानंच्या पानं लिहावीत याचं तुला हसू येईल. पण फोनवर मी बोलू लागलो की तू "हो पप्पा, हो पप्पा" म्हणत राहतेस, आणि मला ते सोयीचं पडतं, कारण मग पुढचं बोलावं लागत नाही. समोरासमोर तर रोवेना असते. म्हणून हा कागद.

काल जेन्सनच्या थडग्यावर फुलं मांडताना तू तुझा नेहमीचा प्रश्न विचारलास. "पप्पा, त्या ड्रायव्हरचं पुढे काय झालं, काही कळलं का?" दर मृतांच्या दिवशी तू हे विचारतेस. हे चौथं वर्ष. आणि मी दर वर्षी सांगतो, काही कळलं नाही. कालही तेच सांगितलं. मग तू लुसीच्या थडग्यावर मेणबत्ती लावता लावता विचारलंस, वेलंकनी मातेच्या दर्शनाला गर्दी होती का. मी म्हटलं, होती. आईमुलाच्या थडग्यांमधे उभा राहून दहा मिनिटांत दोनदा खोटं बोललो आणि वर फादरांच्या पाणी शिंपडण्याखाली मान वाकवून उभा राहिलो.

टिफनी, मी वेलंकनीला गेलोच नव्हतो. सप्टेंबरच्या शेवटी मी जे अठरा दिवस घरी नव्हतो, ते मी कझाकस्तानला गेलो होतो. जानाओझेनला. आपला जेन्सन जिथे तेलविहिरींवर इलेक्ट्रिशियन होता आणि जिथून तो पेटीत परत आला, तिथे.

तुला राग आला असेल. येऊ दे. अजून यायचाय.

तिकडे विमानाने जाता येतं. एजंटने सांगितलं होतं, दोनदा बदला, दीड दिवसात पोहोचाल. मी मात्र शेजारच्या उझबेकिस्तानात, ताश्कंदला उतरलो आणि तिथून पुढे सगळा मुलूख आगगाडी, वाटणीची टॅक्सी, पुन्हा आगगाडी, पुन्हा टॅक्सी असा तुकड्या-तुकड्याने कापला. सदुसष्टाव्या वर्षी, भाषा येत नसताना. स्वतःला सांगितलं, की जेन्सन ज्या देशात राहिला तो डोळे भरून बघावा. खरी गोष्ट अशी, की पोहोचायला जितका उशीर होईल तितका मला हवा होता.

पहिली गाडी ताश्कंदहून नुकूसला. एक दुपार, एक रात्र आणि वर थोडी सकाळ. डब्याला खोल्या नाहीत, दोन्ही बाजूंना बाकं आणि बाकांवर बाकं, पन्नास-साठ माणसं आणि त्यांची पोती. खिडकीबाहेर वाळवंट. वाळवंट म्हणजे सिनेमातल्यासारख्या टेकड्या असतील असं मला वाटत होतं. तसं काही नाही. मे महिन्यात आपल्या मिठागरावर उभं राहिलं की जे दिसतं तेच, फक्त त्याच्या शेवटी खाडी नाही. तासन् तास बघितलं तरी शेवटच नाही.

माझ्यासमोर एक बाई होती, माझ्याच वयाची, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. तिने मला जाड गोल रोटी दिली. मी ती बाकावर ठेवली, ती उलटी पडली. तिने सुलटी केली, मग मोडून अर्धी माझ्या हातात दिली आणि अर्धी आपण घेतली. रोटी उलटी ठेवायची नाही आणि एकट्याने खायचं नाही, हे त्या डब्याचे नियम. मीही पिशवीतून आपली सुकेळी काढली, वाडीतलीच केळी वाळवलेली. ती डबाभर फिरली. कोणी वास घेतला, कोणी चाटून बघितली, आणि मग एक म्हातारा दुसरं मागायला माझ्यापाशी येऊन बसला. मला बरं वाटलं. लुसी असती तर म्हणाली असती, घरी कधी पाहुण्याला चहा विचारला नाहीत आणि इथे मिरवताय.

मग त्या बाईने बोटांनी विचारलं, मुलं किती? मी एक बोट वर केलं. तिने विचारलं, कुठे? मी हाताने छप्पर करून दाखवलं. घरी.

तिने ओंजळ धरली, तोंडाने काही पुटपुटली आणि दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले. आजूबाजूच्या सगळ्यांनी तसंच केलं. माझ्या मुलाला आयुष्य मागितलं त्या लोकांनी. आणि मीही हात चेहऱ्यावरून फिरवले, टिफनी.

नुकूसहून कुंग्रादपर्यंत टॅक्सी. माणसं भरल्याशिवाय ती हलत नाही, आपल्या स्टेशनबाहेरच्या शेअर रिक्षांसारखीच. कुंग्रादहून सीमेपलीकडच्या बेयनेउला पुन्हा आगगाडी, ती सगळी व्यापारी बायकांची. खरबुजं, सुकी मासळी, सतरंज्या, मुलांचे बूट. सुक्या मासळीच्या वासाने मला घरी असल्यासारखं वाटलं. बायका मधल्या वाटेत उभ्या राहून भाव करत होत्या. सीमेवर गाडी कित्येक तास उभी. शिपाई डब्यात चढून एकेक पोतं उघडून बघतात. माझ्यापाशी आलेल्याने विचारलं, कशासाठी? मी म्हटलं, टूरिस्ट. त्याने खिडकीबाहेर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. तिथे बघण्यासारखं काही नाही हे त्यालाही ठाऊक होतं. पण शिक्का मारला.

बघ, मी पुन्हा वाटेचंच सांगत बसलो. आज इथे थांबतो.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी लिहायला बसलो तर जिजा आली. मिठागराकडची जिजा, तू ओळखतेस. "मास्तर, येवढा अर्ज लिवून द्या. आठ दिस झाले, नळाला पानी नाय." लिहून दिला. नेहमीप्रमाणे ती म्हणाली, सही पन तुमीच करा माज्या नावाची. मी म्हटलं, अंगठा दे, पण तुझा तू दे. ती माझ्याकडे बघतच राहिली. गेली तीस वर्षं मी तिची सही करत आलोय.

तुला ठाऊकच आहे, अख्ख्या पट्ट्याचे अर्ज मी लिहितो. बँकेचे, शाळेचे, वारसाचे. ज्यांना पेन धरता येत नाही त्यांच्या सह्याही ओढून टाकतो. कोणाला त्यात वावगं वाटत नाही, मलाही कधी वाटलं नाही. आता ऐक.

जेन्सन गेला ९ एप्रिल २०२२ ला. त्याच वर्षी जुलैमध्ये एक जाड पाकीट आलं. वर तुझं नाव होतं. तू लॅबमध्ये कामाला गेली होतीस. पोस्टमन सगळ्या घराची पत्रं माझ्याच हातात देतो, तसं दिलं, आणि मी उघडलं. जानाओझेनच्या वकिलाचं होतं, रशियन आणि खाली इंग्रजी. ज्याच्या गाडीतून जेन्सन त्या दिवशी गेला होता त्या ड्रायव्हरवर खटला होता. तिकडे अशा गुन्ह्यात मेलेल्याच्या घरच्यांनी लेखी दिलं, की आम्ही याला माफ केलं, तर न्यायाधीश तुरुंगाऐवजी दुसरा विचार करू शकतो. पत्नीचं म्हणणं विचारलं होतं. तुझं. माझं नाही.

पत्र तीन दिवस माझ्या टेबलाच्या खणात होतं. त्याच रविवारी तुझा भाऊ केनी घरी आला होता, आठवतं? तो तावातावाने म्हणत होता, त्या ड्रायव्हरला सडवला पाहिजे. आणि तू रोवेनाला भरवता भरवता म्हणालीस, "त्याला आत टाकून जेन्सन येणारे का परत? माझं कोणाशी भांडण नाही." मी दारात उभा होतो. म्हणजे तुझं उत्तर मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच पत्र तुला दाखवलं नाही.

चौथ्या दिवशी मी इंग्रजीत लिहिलं, की आम्ही माफ करत नाही आणि कायद्यात असेल तेवढी पूर्ण शिक्षा व्हावी. खाली तुझी सही केली. तुझं अक्षर मला तू आठवीत माझ्या वर्गात होतीस तेव्हापासून ठाऊक, वर्षभर तुझ्या वह्या तपासल्यात. सही पहिल्या फटक्यात बरोबर आली. सांगायला लाज वाटते, पण बरोबर आली म्हणून त्या क्षणी मला समाधान वाटलं.

मी मनाला समजावलं, की जिजाची करतो तशीच ही. पण ती तशी नव्हती. जिजाला जे हवं असतं त्याखाली मी तिची सही करतो. तुझी सही मी, मला जे हवं होतं, त्याखाली केली.

त्याला तीन वर्षं झाली.

मी कंपनीच्या कागदात एवढंच वाचलं होतं, की चालकाने कारण नसताना वाटेत गाडी थांबवली आणि मागून ट्रक आदळला. मला वाटलं, उतरला असेल सिगारेट ओढायला. इतके दिवस मी त्या सिगारेटचा द्वेष केला. पुढच्या वर्षी तू रोवेनाला घेऊन फुलपाड्याला तुझ्या आईकडे राहायला गेलीस, शाळा जवळ पडते म्हणून. मी तुला अडवलं नाही याचं तुला वाईट वाटलं होतं, मला कळलं होतं ते. रोज तुझ्यासमोर बसून जेवणं मलाच जड जात होतं. तू गेलीस तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. आणि दुसऱ्या दिवसापासून घर खायला उठलं.

या जानेवारीत दुसरं पाकीट आलं. तुझ्याच नावाचं. तेही मीच उघडलं. त्या ड्रायव्हरचं होतं, त्याच्या भाचीने इंग्रजी करून दिलेलं. सहा-सात ओळी. त्याचं नाव ओराझबाय. लिहिलं होतं, मे महिन्यात माझी शिक्षा संपते. पण तुमचं उत्तर 'नाही' असं आहे, ते माझ्यावर आहेच. तुम्ही ते बदला असं मी म्हणत नाही. कोर्टाने जे विचारलं नाही ते तुम्हाला कधीतरी सांगायचं आहे, ऐकायचं नसेल तर हे पत्र जाळून टाका.

मी ते जाळलं नाही आणि तुला दिलंही नाही. नऊ महिने उशाखाली ठेवून मग ऐकायला मीच गेलो, जणू माझंच पत्र.

बेयनेउहून एका टॅक्सीत सहा जण दाटीवाटीने बसून मी जानाओझेनला पोहोचलो. वाटेत उंट रस्ता अडवून उभे राहतात, ड्रायव्हर हॉर्न वाजवत नाही, वाट बघतो. भाची मारझान मला न्यायला आली. तिथल्या शाळेत ती इंग्रजी शिकवते. मी तिला फोनवर एवढंच सांगितलं होतं, की जेन्सनचा बाप येतोय. वाटेत तिने विचारलं, सुनेने पाठवलं का? मी मान हलवली. ती हो होती की नाही, हे तिला कळू नये अशी हलवली.

ओराझबाय पन्नाशीचा, माझ्याहून बुटका, हाताचे पंजे मात्र रुंद. दारातच थांबला होता. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. आत जमिनीवर जेवण मांडलं होतं. त्याच्या बायकोने चहा दिला तो अर्धी वाटी. मला वाटलं, झालं, आपला मान कळला. मारझान म्हणाली, भरून दिला तर लवकर जा असा अर्थ होतो, अर्धा दिला की पुन्हा पुन्हा भरता येतो. सात वेळा भरला त्या बाईने.

शुक्रवार होता. त्यांच्याकडे शुक्रवारी घरच्या मेलेल्या माणसांसाठी तेलात सात पातळ भाकऱ्या तळतात आणि शेजाऱ्यांत वाटतात. ती बाई एकेक उचलून नाव घेत होती, सासरा, सासू, आपला भाऊ. मग एक उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, जेन्सन. नाव अगदी नीट म्हणाली. साडेतीन वर्षं दर शुक्रवारी म्हणतेय. मी ती खाल्ली.

मग त्याने सांगितलं. त्या गावाहून वाळवंटात दूर एका कड्याखाली बेकेत-आता नावाच्या संताचं देवस्थान आहे, डोंगरात कोरलेली मशीद. ओराझबाय तिथे भाविकांना न्यायचा, त्याच्या आधी त्याचा बाप न्यायचा. गाडी रशियन, करडी, हुबेहूब पावाच्या लादीसारखी, आणि तिकडे तिला पावच म्हणतात. ९ एप्रिलला शनिवार होता. दुसऱ्या दिवशी ईस्टरआधीचा झावळ्यांचा रविवार, आणि जवळपास कुठे चर्च नाही, म्हणून सुट्टी घेऊन जेन्सनने त्याला विचारलं, मी आलो तर चालेल का? ओराझबाय म्हणाला, तू ख्रिस्ती ना? जेन्सन म्हणाला, देवाचं घर आहे ना, मग झालं. तुला त्याचा आवाज ऐकू आला असेल. मला आला.

वाटेत वादळ उठलं. धुळीने समोरचं दिसेना. कडेला म्हातारे नवराबायको बंद पडलेल्या गाडीपाशी उभे होते. त्या वाटेवर अडलेल्याला सोडून कोणी पुढे जात नाही, ते देवस्थान त्याला स्वीकारतच नाही असं मानतात. ओराझबाय थांबला. कडेची वाळू मऊ, भरलेली गाडी रुतेल म्हणून त्याने अर्धी गाडी रस्त्यावरच ठेवली. म्हाताऱ्याची बॅटरी उतरली होती. ओराझबाय जेन्सनला म्हणाला, तू आत बस. पण जेन्सन उतरलाच. म्हणाला, बॅटरीचं काम माझं, तुला जमायचं नाही. केबल जोडत होता तेव्हा मागून धुळीतून ट्रक आला.

तुला आठवतं, त्याची स्कूटर कधी घरी वेळेवर पोहोचली का? कोणाचा पंप बंद, कोणाचं चाक पंक्चर, हा थांबलाच. ही खोड त्याला लुसीकडून आली, माझ्याकडून नाही.

ओराझबाय म्हणाला, चूक माझीच होती. रुतली असती तर रुतली असती, गाडी पूर्ण बाजूला घ्यायला हवी होती. आणि तसंच आहे, टिफनी, चूक होती. पण ती थांबण्याची नव्हती. मी तुझ्या नावाने ज्याच्यासाठी शिक्षा मागितली ते त्याने केलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिकडे गेलो, दुसऱ्याच्या गाडीने. ओराझबाय मागच्या बाकावर बसला होता. शिक्षा संपली, लायसन परत मिळेल, गावातले भाविक त्याला बोलावतात. तो चाकाला हात लावत नाही. भावाच्या मेंढ्या राखतो. मारझानने कारण सांगितलं. तो म्हणतो, जिचा नवरा माझ्या गाडीतून उतरून मेला तिचं उत्तर 'नाही' असं आहे. देवाच्या वाटेवर माणसं न्यायची तर ते उत्तर पाठीवर घेऊन कशी नेऊ? आणि तो हे रागाने म्हणत नाही. म्हणतो, त्या बाईचं बरोबर होतं.

त्या जागी गाडी थांबली, या वेळी पूर्ण बाजूला. सगळे उतरले. त्यांनी त्यांची प्रार्थना म्हटली, मी आपली सुरू केली. 'जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो' या ओळीपाशी अडलो आणि पुढे गेलोच नाही.

तिथेच मी मारझानला म्हटलं, त्याला सांग, ते उत्तर सुनेचं नव्हतं. ते मी लिहिलं, सही मी केली. तिने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "हे मी त्याला सांगणार नाही. नाव तुमच्या सुनेचं वापरलंत. आधी तिला कळू दे. तिच्याआधी दुसऱ्या कोणाला कळलं तर ते पुन्हा तुम्ही तिच्यामागे केल्यासारखं होईल." रोवेनाच्या मास्तरणीच्या वयाची मुलगी. मला, ज्याने पस्तीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं, त्याला हे तिने शिकवलं.

ओराझबाय पलीकडे उभा होता. त्याला वाटलं, मी रडतोय म्हणून तिला बोलता येत नाहीये. त्याने येऊन माझ्या पाठीवर हात ठेवला.

घरी येऊन महिना होत आला. रोज लिहायला बसलो आणि रोज उठलो. परवा तू पुन्हा विचारलंस तेव्हा, तू माझ्यावर अजून किती विश्वास ठेवतेस ते दिसलं, आणि त्याने खोटं बोलायची माझी उरलीसुरली हिंमत गेली आणि हे पत्र सुरू झालं.

सोबत दोन्ही पाकिटं आहेत, फोडलेली, मी फोडलेली. मी पाठवलेल्या उत्तराची झेरॉक्स आहे, खाली तुझी सही म्हणून जे आहे ते बघ. मारझानचा पत्ता आणि फोन वेगळ्या कागदावर आहे. ती तुझ्याशी सरळ बोलेल, मधे माझी गरज नाही.

तू त्याला माफ कर असं मी म्हणत नाही. तसं म्हणायचा हक्क मी गमावून बसलोय, आणि साडेतीन वर्षांत तुझंही मन बदललं असेल. हो लिही, नाही लिही, किंवा काही लिहू नकोस. पण जे जाईल ते तुझं जाऊ दे. मला दाखवू नकोस, मला सांगूही नकोस. माझ्याबद्दल त्याला काय सांगायचं तेही तूच ठरव. पूर्ण खरं सांगितलंस तरी मी काही बोलणार नाही.

केनीला सांगितलंस तर तो इथे येईल आणि माझ्याशी जे बोलायचं ते बोलेल. येऊ दे.

माझी भीती एकच आहे, आणि ती लपवत नाही. रविवारी मिस्सा झाल्यावर तू रोवेनाला माझ्याकडे सोडतेस. त्या चार तासांवर माझा आठवडा चालतो. येत्या रविवारी तू आली नाहीस, तर का आली नाहीस हे मी तुला कधीही विचारणार नाही. रोवेनाला काय सांगायचं, किती सांगायचं, तिच्या आईने ठरवावं. मी तिला काही सांगणार नाही, आणि या वेळी हे शब्दाला धरून.

तुझ्यासाठी जेन्सनने जो माणूस बाप म्हणून मागे ठेवला होता, त्याने तुझा आवाज घेतला. तो मी परत करतोय. याहून जास्त माझ्याकडे परत करण्यासारखं काही नाही.

खाली 'तुझा पप्पा' असं लिहायला हात उचलला होता. ते लिहायचं की नाही, हेही आता तूच ठरवायचंस.

थॉमस